हवापालट ते दातपालट

डहाणू लोकलमध्ये बोईसरला चढताना हातात एक्स-रेचा मोठा लखोटा असला, की बसायला जागा मिळते. हा नियम रेल्वेच्या कुठल्याही पुस्तकात नाही, पण पाळला जातो. समोरची बाई आधी सरकते आणि मग विचारते, "कुठं, केईएम का टाटा?" तिसरं नाव तिच्या डोक्यात येतच नाही. आता रिपोर्ट मोबाइलवर यायला लागले, एमआरआय सीडीत मावला, आणि आजारी माणूस ओळखू येईनासा झाला. आमच्या शेजारच्या काकींनी त्यावर तोड काढली आहे. खांद्याचा जुनापुराणा एक्स-रे त्या प्रत्येक मुंबईवारीला पिशवीतून थोडा बाहेर डोकावेल असा ठेवतात. खांदा कधीच बरा झाला. लखोटा अजून कामावर आहे.

उपचारासाठी गाव सोडण्याला जगात मेडिकल टुरिझम म्हणतात. हौशी पर्यटनाच्या यादीत पक्षी बघायला जाणारे, द्राक्षमळे बघायला जाणारे आणि गुडघे बदलायला जाणारे असे सगळे एका ओळीत बसतात. आमच्या पाममध्ये एवढा मोठा शब्द लागत नाही. "बाबांना मुंबईला दाखवायला नेलंय," एवढं पुरतं. मराठीत दाखवायला दोनच गोष्टी नेतात, मुलगी आणि म्हातारा. दोन्हींकडे पोहे वेगळे, पण धाकधूक तीच.

पत्ता पामचा, पोट कुणाचंही

पाम म्हणजे बोईसरहून तारापूरच्या अंगाला असलेलं, एमआयडीसीला खेटलेलं गाव. शेजारच्या टेंभीला जोडून कागदोपत्री पामटेंभी. आता गंमत बघा. आरती ड्रग्ज या शेअर बाजारात नोंदलेल्या औषध कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आहे प्लॉट एन-१९८, तारापूर एमआयडीसी, गाव पामटेंभी. ही कंपनी बल्क बनवते, म्हणजे गोळीतली खरी औषधी पावडर. तिच्या यादीत मेट्रोनिडाझोल आहे, आमांश आणि बिघडलेल्या पोटावर डॉक्टर लिहून देतात ते.

म्हणजे समजा, कुणी परदेशी पाहुणा मुंबईत गुडघा बदलायला आला. गुडघा छान बसला. हुरूप येऊन त्यानं चौपाटीवर पाणीपुरी खाल्ली आणि रात्री व्हायचं ते झालं. तेव्हा त्याला जी गोळी मिळते, तिच्या वंशावळीत आमच्या गावाचं नाव असू शकतं. फक्त ते पाकिटावर छापत नाहीत. पावडर पिंपात भरून जाते, गोळी दुसरीकडे पडते, नाव तिसऱ्याचं लागतं. क्षयरोगाच्या औषधांसाठी जगभर नाव असलेल्या ल्युपिनचाही एक कारखाना याच एमआयडीसीत आहे. गावातली निम्मी पोरं फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाइट करत जगाला बरं करतात आणि स्वतःला सर्दी झाली की काढा पितात.

हवा बदलायची तर कुठली?

मेडिकल टुरिझम हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे 'हवापालट' होता. अशक्तपणा, खोकला, प्रेमभंग, मॅट्रिकचा निकाल, सगळ्यावर एकच औषध. महाबळेश्वर मुळात वसलं ते थकल्या-आजारी गोऱ्या साहेबांच्या हवापालटासाठी. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमनं ते मनावर घेतलं, म्हणून त्याचं एक नाव माल्कम पेठ. पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर काढलं. त्या काळी क्षयावर गोळीच नव्हती. हवा, दूध, अंडी आणि आरामखुर्ची, एवढंच प्रिस्क्रिप्शन.

देवळालीनं तर इंग्रजीला एक शब्दच दिला. मायदेशी परतणारे ब्रिटिश सैनिक तिथल्या छावणीत बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे. उन्हानं, तापानं, कंटाळ्यानं त्यांची डोकी फिरायची. त्यावरून वेडपटाला 'डूलॅली' म्हणायची पद्धत पडली. पूर्ण रूप 'डूलॅली टॅप', आणि त्यातला टॅप म्हणजे आपला ताप.

गांधीजींचं अपेंडिक्सचं ऑपरेशन १२ जानेवारी १९२४ ला पुण्याच्या ससूनमध्ये झालं. ते तेव्हा येरवड्याचे कैदी. कर्नल मॅडॉक पोट उघडून उभे, आणि वीज गेली. उरलेलं काम कंदिलावर उरकलं. फेब्रुवारीत सुटका झाली आणि महात्मा हवापालटाला गेले जुहूला. आज जुहूला हवा पालटायला जातो म्हटलं तर घरचे डॉक्टर बदलतील. पुढे १९४६ च्या मार्चमध्ये त्यांनी पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं केंद्र उघडलं आणि काही दिवस स्वतः रोगी तपासले. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, रामनाम. ते केंद्र अजून चालू आहे आणि वजन उतरवायला तिथं लोक हौसेनं जातात.

आमची गोची अशी, की हवापालटाच्या या नकाशावर आम्ही दोन्ही बाजूंना आहोत. उत्तरेला डहाणू तालुका. तो १९९१ मध्ये केंद्र सरकारनं पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. चिकूच्या वाड्या, बोर्डीची सुरूची झाडं, मुंबईचे पारशी-इराणी पिढ्यान्‌पिढ्या तिथं छाती मोकळी करायला येत आले. आणि त्याच्या दक्षिणेला लागून आम्ही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुण मिळवून देशात पहिलं आलं होतं. बोर्डात एवढे पडले असते तर गावात पेढे वाटले असते.

नाक मुठीत, नव्हे कपाळावर

आता उपचारांच्या या प्रवासांतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट. तिला जरा जास्त जागा देतो.

टिपू सुलतानाशी लढाई चालू होती, १७९२ चं साल. इंग्रजांच्या फौजेत कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवान होता. तो टिपूच्या माणसांच्या हाती लागला आणि त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. वर्षभर तो बिननाकाचा फिरला. मग पुण्याजवळ एका कुंभारानं, विटा भाजणाऱ्या जातीतल्या माणसानं, त्याला नवं नाक बसवून दिलं. दोन इंग्रज डॉक्टर शेजारी उभे राहून बघत होते.

पद्धत अशी. आधी उरलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून साचा घेतला. तो सपाट करून कपाळावर ठेवला आणि कडेनं रेघ मारली, शिंपी कापडावर मारतो तशी. तेवढी कपाळाची कातडी सोलली, पण दोन भुवयांच्या मधे एक देठ तसाच ठेवला, म्हणजे रक्त चालू राहील. मग ती कातडी देठावर फिरवून खाली नाकाच्या जागी आणली. सांधा जुळवायला टाका नाही. कात भिजवून चिंध्यांवर थापला आणि त्या एकावर एक ठेवल्या. होय, विड्यात घालतो तोच कात. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेलं कापड. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून दहाव्या दिवशी त्यात मऊ कापडाच्या वाती. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास देठ कापला की नाक स्वतंत्र.

ही हकीकत चित्रासकट लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ऑक्टोबर १७९४ ला छापून आली. तिथल्या जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जननं ती मनावर घेतली आणि १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच नाक करून दाखवलं. युरोपातली आधुनिक प्लॅस्टिक सर्जरी तिथून धावायला लागली. रोगी कुठंच गेला नाही, ऑपरेशनच पुण्याहून लंडनला गेलं. कुंभाराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही. चित्रात कावसजी आहे, खाली इंग्रज साक्षीदार आहेत, आणि ज्यानं नाक केलं तो 'एक कुंभार'. पुण्यानं आजवर इतक्या पाट्या लावल्या, त्यात एक ही लावायला हरकत नव्हती.

उलट दिशेचा प्रवासही झालाच. देवीची लस मुंबईत आली ती बगदाद-बसऱ्याच्या वाटेनं, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर. शीतपेट्या नव्हत्या, माणसंच बाटल्या होती. १४ जून १८०२ ला मुंबईत तीन वर्षांच्या अ‍ॅना डस्टहॉलला ती टोचली. भारतातली पहिली लस ती. पुढे देशभर गेलेल्या लशीची वंशावळ या चिमुरडीच्या दंडापाशी येते.

शीतळेची थंडी, सातिवलीचं कढत

तोवर देवीवर उपाय देवीच. आमच्याजवळ केळव्याला समुद्राकाठी शीतळादेवीचं देऊळ आहे. शीतळा म्हणजे थंड करणारी. अंगाची आग होणाऱ्या रोगाला तिचं नाव, तिला नैवेद्य गार अन्नाचा. जागतिक आरोग्य संघटनेनं मे १९८० मध्ये देवीचा रोग संपल्याचं जाहीर केलं. देवीचं खातं बंद झालं नाही, गोवर-कांजिण्या तिच्याकडे वर्ग झाल्या. आता तिथं लोक सुरूच्या बनात शहाळं प्यायला येतात आणि जाता जाता हात जोडतात. हौशी पर्यटन म्हणतात ते हेच.

थंडाव्यानं भागलं नाही तर कढत पाण्याची सोय आहे. पालघर तालुक्यात कोकणेर, सातिवली भागात गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि पलीकडे तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी अप्पांच्या वसईच्या नवसाचं. वसई पडली १७३९ मध्ये आणि नवस फेडला गेला. कुंडातलं गरम पाणी म्हणजे देवीनं मारलेल्या राक्षसांचं रक्त, ही तिथली कथा. भूगर्भवाल्यांची कथा थोडी सपक आहे. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, तिथं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. ज्वालामुखी वगैरे काही नाही. खरूज-नायट्यासाठी, सांधेदुखीसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या त्यात बसतात. गुडघा ऊन पाण्यात बरा वाटतोच. पाण्याबाहेर आला की पुन्हा कुरकुरतो, हेही तितकंच खरं.

यालाच बेल्जियममध्ये बसलं की स्पा म्हणतात. स्पा हे मुळात तिथल्या एका गावाचं नाव, औषधी झऱ्यांमुळं गाजलेल्या. गावाचा शब्द झाला. आपण 'सातिवली' म्हणून कधी जगाला विकलंच नाही.

घरगुती पर्यटनात काविळीची माळही येते. अमुक गावचा माणूस मुळ्यांच्या कांड्यांची माळ घालतो, ती दिवसागणिक वाढत गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली. लहानपणी मला घातली होती. खरंच वाढली! कारण फार नंतर कळलं. ओल्या कांड्या दोऱ्याच्या वेढ्यांनी घट्ट बांधलेल्या असतात. कांडी सुकते, आकसते, वेढा सैल पडतो, दोरा लांबतो. खुंटीला टांगली तरी तेवढीच वाढते. आणि बऱ्याच काविळी तोवर आपल्या आपणच उतरतात. ज्या उतरत नाहीत त्यांची माळ कुणी मिरवत नाही.

व्हिसा नको, दाखला आणा

पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, ठाण्यातून फुटून. पण इथला आजारी माणूस जिल्ह्याच्या हद्दी कधीच मानत नाही. मोखाडा-जव्हारचा नाशिक धरतो. बोईसर-पालघरचा लोकल. तलासरी-डहाणूकडचा सरळ उत्तरेला, वापी, वलसाड, नाहीतर सिल्वासाचं विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल. महाराष्ट्रातून निघून केंद्रशासित प्रदेशात ओपीडीच्या रांगेत उभं राहणं हा त्यांच्या लेखी परप्रवास नाही, जवळचा रस्ता आहे. हेच सिल्वासा १९५४ पर्यंत पोर्तुगिजांकडे होतं. ते सोडवायला गेलेल्यांत आपले बाबूजी, सुधीर फडकेही होते.

लांबच्या वाऱ्या वेगळ्याच. कॅनडाहून आलेल्या डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उभं केलं आणि सतारींच्या गावाला डॉक्टरांचं गाव करून टाकलं. तमिळनाडूत वेल्लोरला हॉस्पिटलच्या आसपास दुकानांच्या पाट्या बंगालीत आहेत, एवढे बंगाली रुग्ण तिथं उतरतात. पंजाबातल्या भटिंड्याहून बिकानेरला जाणाऱ्या गाडीला तर लोकच 'कॅन्सर ट्रेन' म्हणतात. आणि १९९१ मध्ये मुंबईहून उलटाच प्रयोग सुटला. जीवनरेखा एक्सप्रेस, रुळांवरचं हॉस्पिटल. रोगी फलाटावर, ऑपरेशन थिएटर डब्यात.

कामाची माहितीही घ्या. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्याला पाऊण माफ. हॉस्पिटलचा दाखला लागतो. लोकलमध्ये अपंगांच्या डब्यातही त्यांना बसता येतं, लखोटा असो वा नसो. दादरला गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेत टाटाचे रुग्ण उतरतात. परदेशात असल्या सोयीला 'पेशंट हॉटेल' म्हणतात आणि रात्रीचं भाडं ऐकून दुसरा आजार होतो.

परदेशातून भारतात येणाऱ्यांचा आकडाही लहान नाही. कोविडच्या आधी २०१९ मध्ये जवळपास सात लाख लोक उपचारासाठी आले, सगळ्यात जास्त बांगलादेशातून. मेडिकल व्हिसावर रुग्णासोबत दोघांना येता येतं. दोघांना! आमच्याकडे मोतीबिंदूच्या ऑपरेशनला रिक्षात सहा माणसं आणि डबा असतो. २०२३ पासून आयुर्वेद-योगासाठी वेगळा आयुष व्हिसाही निघाला.

सगळ्यात अवजड पाहुणी आली फेब्रुवारी २०१७ मध्ये, इजिप्तहून. वजन पाचशे किलोच्या घरात सांगत, पंचवीस वर्षं घराबाहेर पाऊल नाही. मालवाहू विमान, मग ट्रक, मग चर्नी रोडच्या हॉस्पिटलात क्रेननं वर. विमानात आणि हॉस्पिटलात तिच्या मापाचे पलंग. पालघरहून येणाऱ्यांनी तेव्हा चर्नी रोडला उतरून तिच्या खोलीची खिडकी एकमेकांना दाखवली आहे.

जगात काय चाललंय

पटापट घ्या. मेक्सिकोत अमेरिकेच्या सीमेवर लॉस अल्गोडोनेस नावाचं गाव आहे. काही हजार वस्ती, त्यात काही शे दंतवैद्य. टोपणनाव 'दाढनगरी'. अमेरिकन म्हातारे गाडी सीमेपाशी लावून चालत जातात आणि कवळी घालून हसत परततात. हंगेरीतही ऑस्ट्रियाच्या सीमेला लागून असंच एक गाव आहे. त्याचं नाव उच्चारायला सगळे दात लागतात.

इस्तंबूलहून सुटणाऱ्या विमानात टक्कलावर बारीक लाल ठिपके आणि काळी पट्टी असलेले पुरुष हमखास दिसतात. केस लावायला गेलेले. तिथल्या विमान कंपनीच्या नावावर 'टर्किश हेअरलाइन्स' अशी कोटी इंग्रजीत रूढ झाली आहे. दक्षिण कोरियात चेहरा बदलून घेणाऱ्या परदेशी बायकांना काही हॉस्पिटलं चक्क दाखला देतात, की पासपोर्टवरची बाई आणि ही बाई एकच. आपल्याकडे आधार कार्डावरच्या फोटोसाठी असला दाखला सरसकट मिळायला हवा.

आणि अंटार्क्टिकावरच्या चिलीच्या व्हिया लास एस्त्रेयास वस्तीत राहायला जायचं, तर अपेंडिक्स आधी काढून यावं लागतं. सर्जन शेकडो किलोमीटर लांब. उपचारासाठी प्रवास नव्हे, प्रवासासाठी उपचार.

नॉर्मल

थोडं घरचं. बाबांना पोटदुखीसाठी मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला नेलं. नाव कशाला. सकाळची गाडी, दोन रांगा, तीन मजले, एक सोनोग्राफी. संध्याकाळी परतीच्या लोकलमध्ये सफाळ्याच्या पुढे मी फाइल उघडली आणि रिपोर्ट मोठ्यानं वाचायला लागलो. यकृत ठीक, मूत्रपिंडं ठीक. पुढची ओळ : गर्भाशय आकारानं सामान्य. बाबा एकोणसत्तर वर्षांचे. डब्यात शांतता. बाबा म्हणाले, "चला, एक तरी गोष्ट नॉर्मल निघाली." दुसऱ्या दिवशी फाइल बदलून आणायला पुन्हा शंभर किलोमीटर जा आणि शंभर किलोमीटर या. कुठल्याशा बाईच्या घरी त्या रात्री प्रोस्टेटची काळजी चालली असणार.

आता डिसेंबर आला, की न्यू जर्सीची चुलतबहीण येईल. तिचं वेळापत्रक दरवर्षी ठरलेलं : दादरला रूट कॅनाल, मग कॅप, दोन दातांच्या मधे साड्या, एका रविवारी सातिवलीचं कुंड, केळव्याची शीतळा. तिकडे दातांचा विमा वेगळा असतो आणि विम्याच्या बाहेरचा दात विमानाच्या तिकिटाएवढा पडतो, म्हणून हा घाट. मागच्या वेळी कुंडावरून येताना तिनं रस्त्यावर उसाचा रस प्यायला, बर्फ घालून. मी नको म्हणत होतो. रात्रभर घरात दिवे चालू. सकाळी बोईसरच्या डॉक्टरांनी हसत हसत मेट्रोनिडाझोल लिहून दिली. तिसऱ्या दिवशी ताई ताजीतवानी. "अरे, एवढीशी गोळी!" म्हणत पाकीट उलटसुलट करून बघत होती, कुठं बनली म्हणून. पत्ता कुठल्यातरी लांबच्या राज्याचा निघाला. मी काही बोललो नाही. खिडकीतून एमआयडीसीचं धुरांडं दिसत होतं.